हेराची लेखणी आणि निष्ठेचा प्रश्न

जॉन ल कॅरे (१९३१–२०२०) यांच्या कादंबऱ्यांचा विचार बहुधा शीतयुद्धाच्या चौकटीत होतो. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत कोसळताच त्यांचा विषय संपला, असेही मानले जाते. पार्श्वभूमीलाच आशयसूत्र समजण्यातून हा निष्कर्ष निघतो.

डेव्हिड कॉर्नवेल हे त्यांचे मूळ नाव. ब्रिटनच्या अंतर्गत सुरक्षा सेवेत आणि नंतर परदेशी गुप्तवार्ता सेवेत त्यांनी काम केले. नोकरीत असतानाच ते लिहू लागल्याने टोपणनाव घेणे भाग होते. ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३) या कादंबरीच्या यशानंतर, १९६४ मध्ये, त्यांनी नोकरी सोडली. रूढ हेरकथेत शत्रू सीमेपलीकडे असतो. येथे मात्र लीमस या हेराला त्याचेच खाते फसवते आणि त्या डावात लिझ या निरपराध तरुणीचा बळी जातो. साध्याने साधनाचे समर्थन होते काय, हा प्रश्न हेरकथेच्या केंद्रस्थानी आला.

‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’मध्ये (१९७४) फितूर स्वतःच्याच खात्यात सापडतो; १९६३ मध्ये मॉस्कोला पळालेल्या किम फिल्बीची छाया तीवर स्पष्ट आहे. ‘अ परफेक्ट स्पाय’ (१९८६) त्याहून मागे जाते. लेखकाचे वडील लोकांना ठकवून जगणारे गृहस्थ होते. त्यांच्यावर बेतलेल्या पित्याच्या घरातच नायक दुटप्पीपणाचे पहिले धडे घेतो. विश्वासघाताचे मूळ असे राज्यसंस्थेच्याही आधी कुटुंबात आढळते. म्हणूनच शीतयुद्ध सरले तरी हे लेखन थांबले नाही.

उत्तरकालीन लेखनाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. औषध कंपन्यांच्या आफ्रिकेतील व्यवहारांवरील ‘द कॉन्स्टंट गार्डनर’मध्ये (२००१) संताप प्रखर आहे, परंतु दोषी कोण हे निश्चित झाल्याने पूर्वीची नैतिक संदिग्धता विरळ होते. २००३ च्या इराक युद्धाला आणि पुढे ब्रेक्झिटला उघड विरोध करणारा नागरिक येथे कादंबरीकारावर काहीशी मात करतो.

‘अ लेगसी ऑफ स्पाइज’ (२०१७) मात्र ती संदिग्धता परत आणते. लीमसचा मुलगा आणि लिझची मुलगी जुन्या प्रकरणाचा जाब मागतात. वृद्ध गिलमला खात्यासमोर उभे राहावे लागते. ज्या कथेने कीर्ती दिली, तिच्यातील मृतांचा हिशेब लेखकाने पंचाऐंशी वर्षांचा असताना पुन्हा मांडला. त्याच्या कारकिर्दीचे मूल्यमापन बर्लिनच्या भिंतीपाशी थांबवता येत नाही, ते यामुळेच.