चढाई, वेढा आणि खिंड : पत्त्यांच्या डावातील मिश्रनीती

कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या पन्हाळगडाने सतराव्या शतकात युद्धाच्या तीन वेगवेगळ्या रीती पाहिल्या. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ मावळ्यांनिशी रात्रीच्या अंधारात गडावर चढून तो जिंकला. शत्रूला सावरण्याची उसंतच द्यायची नाही, ही झाली निव्वळ चढाई. त्यापूर्वी १६६० मध्ये सिद्दी जौहरने याच गडाला चार महिन्यांहून अधिक काळ वेढा घातला होता. घाई करायची नाही, वाटा बंद करायच्या आणि समोरच्याची रसद व धीर संपण्याची वाट पाहायची, ही दुसरी रीत.

तिसरी रीत त्या वेढ्यातून सुटकेच्या वेळी दिसली. शरणागतीच्या बोलण्यांमुळे पहारा सैल पडला, शिवा काशिद यांच्या पालखीने शत्रूला हूल दिली आणि शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी पाठलाग रोखून धरला. शत्रूचा समूळ नाश करणे हा तेथील हेतू नव्हता. महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंतचा अवधी हवा होता. त्या बलिदानाची बरोबरी कोणत्याही खेळाशी होऊ शकत नाही. मात्र एका तुकडीने ध्येयाकडे धाव घ्यायची आणि दुसरीने तेवढ्यापुरता वेळ विकत घ्यायचा, हे सूत्र ज्याला उमगले, त्याला ‘ट्रेडिंग कार्ड गेम’मधील ‘अ‍ॅग्रो-कंट्रोल’ ही खेळण्याची पद्धत समजणे अवघड जात नाही.

खेळाचे स्वरूप

महाराष्ट्राला पत्त्यांचे खेळ नवे नाहीत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचे बारा, असे एकूण १२० गोल पत्ते असतात. गंजिफा असो, रमी असो वा मेंढीकोट, सर्व खेळाडू एकाच जोडातून वाटलेले पत्ते खेळतात. ट्रेडिंग कार्ड गेमचे वेगळेपण येथेच आहे. यात प्रत्येक खेळाडू हजारो पत्त्यांतून निवड करून आपला संच, म्हणजे ‘डेक’, घरूनच बांधून आणतो. त्यामुळे निम्मी लढाई डाव मांडण्यापूर्वीच लढली गेलेली असते.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाने १९९३ मध्ये झाली. पुढे १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनचे आणि १९९९ मध्ये यू-गी-ओचे पत्ते आले. दूरचित्रवाणीवरील मालिकांमुळे ही दोन नावे भारतीय घरांतही पोहोचली. अ‍ॅग्रो-कंट्रोल ही संज्ञा मात्र मॅजिकच्या खेळाडूंमध्ये रुजली, म्हणून येथील उदाहरणे त्याच खेळातील आहेत.

मॅजिकमध्ये दोघांना प्रत्येकी २० गुणांचे आयुष्य मिळते आणि समोरच्याचे आयुष्य शून्यावर आणणारा सामान्यतः जिंकतो. डेकमध्ये किमान ६० पत्ते लागतात. मूलभूत जमिनी वगळता एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते ठेवता येतात. सुरुवातीला हातात सात पत्ते येतात आणि प्रत्येक पाळीत एक पत्ता उचलला जातो. पहिली पाळी ज्याची, त्याला त्या पाळीत मात्र पत्ता मिळत नाही. प्रत्येक पाळीत एकच जमीन मांडता येते. जमिनीतून ‘मॅना’ हे बळ मिळते आणि ते खर्चून लढवय्ये जीव पटावर आणता येतात किंवा मंत्र टाकता येतात. काही मंत्र समोरच्याच्या पाळीतही टाकता येतात. अ‍ॅग्रो-कंट्रोलचा सारा डोलारा या एका नियमावर उभा आहे.

तीन कुळे आणि चौथे

डेकची ढोबळमानाने तीन कुळे मानली जातात. पहिले ‘अ‍ॅग्रो’, म्हणजे चढाईचे. स्वस्त जीव लवकर मांडायचे आणि समोरचा सावध होण्याआधी डाव संपवायचा. १९९६ मध्ये पॉल स्लाय यांनी खेळलेला लाल रंगाचा डेक या कुळात इतका गाजला, की तशा डेकना त्यांचेच नाव पडले. दुसरे ‘कंट्रोल’, म्हणजे वेढ्याचे. प्रत्येक धोका निष्प्रभ करायचा, हातातील पत्त्यांची शिल्लक वाढवायची आणि शेवटी एखाद्याच बलाढ्य पत्त्याने जिंकायचे. ब्रायन वाइसमन यांचा नव्वदच्या दशकाच्या मध्यातील डेक हा त्याचा आद्य नमुना समजला जातो. तिसरे ‘कॉम्बो’. यात दोन-तीन ठरावीक पत्ते एकत्र आले की एका फटक्यात निकाल लागतो.

अ‍ॅग्रो-कंट्रोल हे पहिल्या दोहोंच्या मिश्रणातून झालेले चौथे कुळ. सुरुवातीला एक-दोन स्वस्त जीव मांडायचे; त्यानंतर नवे जीव ओतत न बसता मॅना राखून ठेवायचा आणि समोरच्याचे मोक्याचे मंत्र मोडून काढायचे. नव्वदच्या दशकाअखेरचा ‘काउंटर-स्लिव्हर’ आणि अ‍ॅलन कोमर यांनी २००१ मध्ये पुढे आणलेला, अत्यंत कमी जमिनींवर चालणारा ‘मिरॅकल ग्रो’ हे याच घराण्यातले. २०११ मध्ये आलेल्या ‘डेल्व्हर ऑफ सीक्रेट्स’ या पत्त्याने या कुळाला नवे बळ दिले. एका मॅनाला मिळणारा हा दुबळा जीव पाळीच्या आरंभी डेकमधील वरचा पत्ता पाहतो. तो मंत्राचा निघाला, की तीन गुणांचा घाव घालणारा उडता जीव बनतो.

बांधणीमागील हिशेब

अशा डेकमध्ये जमिनी साधारणपणे १८ ते २२, म्हणजे कंट्रोल डेकपेक्षा बऱ्याच कमी असतात. कारण महागडे पत्ते नसतातच. जीव बारा-पंधराच्या आसपास आणि उरलेले पत्ते मंत्रांचे.

पहिल्या पाळीत खेळता येणारे जीव किती ठेवावेत, याचे उत्तर साध्या संभाव्यतेत आहे. ६० पत्त्यांत एखादा पत्ता चार वेळा असेल, तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. तसे आठ पत्ते ठेवले तर ती ६५ टक्क्यांवर आणि बारा ठेवले तर ८१ टक्क्यांवर जाते. चारावरून आठवर जाताना पंचवीस टक्क्यांचा लाभ होतो, आठवरून बारावर जाताना सोळाच टक्क्यांचा. म्हणूनच अनुभवी खेळाडू आठ-दहावर थांबतात आणि उरलेली जागा मंत्रांना देतात.

एका पाळीची किंमत

या पद्धतीत ‘टेम्पो’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ वेळेवरील पकड. एक उदाहरण पुरेसे आहे.

समजा, पहिल्या पाळीत डेल्व्हर मांडला आणि दुसऱ्या पाळीच्या आरंभी तो उडता जीव बनला. त्या पाळीपासून तो दर खेपेस तीन गुण कापतो. २० गुण कापण्यास सात घाव लागतील. पण हातात ‘लाइटनिंग बोल्ट’ हा एका मॅनात तीन गुणांची हानी करणारा मंत्र दोनदा असेल, तर सहा गुण तेथेच मिळतात आणि पाच घाव पुरतात. दुसऱ्या पाळीपासून पाच घाव म्हणजे सहाव्या पाळीत निकाल. समोरच्याचा भरवसा सहा मॅनाच्या महाकाय जीवावर असेल, तर दर पाळीस एक जमीन या नियमाने तो त्याच्या सहाव्या पाळीआधी येत नाही. आपण पहिले खेळत असू, तर त्याची सहावी पाळी उजाडण्यापूर्वीच डाव संपतो. आपण दुसरे असू, तर तो जीव एकदाच अडवावा लागतो. तेथे ‘मॅना लीक’ हा दोन मॅनाचा मंत्र कामी येतो. समोरच्याने आणखी तीन मॅना भरला नाही, तर त्याचा मंत्र बाद होतो. सहा जमिनी पूर्ण खर्चून बसलेल्याकडे वरचे तीन येणार कोठून?

प्रत्यक्षात समोरचा स्वस्थ बसत नाही. तोही मध्ये जीव मांडतो, डेल्व्हर मारू पाहतो. तरी हिशेबाचा सांगाडा हाच राहतो. त्यातून या मंत्राची मर्यादाही कळते. दहाव्या पाळीला समोरच्याकडे तीन मॅना सहज शिल्लक असतो आणि तोच मॅना लीक रद्दी ठरतो. खिंड काही प्रहरच अडवता येते. तेवढ्या वेळात विशाळगड गाठला नाही, तर अडवून उपयोग नाही.

हूल देण्यालाही येथे स्थान आहे. हातात मंत्र नसतानाही दोन निळ्या जमिनी न वापरता मोकळ्या ठेवल्या, तर समोरचा आपला मोलाचा पत्ता टाकण्यास कचरतो. त्याने एक पाळी वाया घालवली, म्हणजे एका पत्त्याचे काम फुकटात झाले.

भूमिका कोणाची कोणती?

माइक फ्लोरेस यांनी १९९९ मध्ये लिहिलेला एक लेख आजही या खेळाचा पायाभूत पाठ मानला जातो. दोन सारख्या धाटणीचे डेक समोरासमोर आले, की त्यांतील एकाला चढाई करावी लागते आणि दुसऱ्याला बचाव. आपली भूमिका ओळखण्यात जो चुकतो, तो बहुधा हरतो, हा त्याचा गाभा. अ‍ॅग्रो-कंट्रोल खेळणाऱ्यासाठी हा प्रश्न डावागणिक बदलतो. कंट्रोल डेकपुढे तो चढाई करणारा असतो, कारण डाव लांबला की समोरच्याची रसद भारी पडते. अधिक वेगवान अ‍ॅग्रो डेकपुढे मात्र त्यानेच बचावाला उतरावे लागते. तेथे डेल्व्हरने धाव घेण्यापेक्षा बोल्टने समोरचे जीव टिपणे आधी येते.

मेंढीकोट खेळणाऱ्यांना यात ओळखीचे काही सापडेल. हुकमाचा पत्ता हातात आहे म्हणून तो पहिल्याच हाताला टाकणारा खेळाडू दहिल्याच्या वेळी रिकामा असतो. अ‍ॅग्रो-कंट्रोलमध्येही समोरच्याचा प्रत्येक मंत्र मोडायचा नसतो. ज्या मंत्राने आपली धाव थांबेल, तोच मोडायचा. बाकीचे येऊ द्यावेत.

स्थानिक स्पर्धेतील वास्तव

दुकानातील किंवा कॅफेतील छोट्या स्पर्धा बहुधा ‘स्विस’ पद्धतीने होतात. बुद्धिबळाप्रमाणेच यात कोणी बाद होत नाही. सारख्या गुणांचे खेळाडू पुढील फेरीत एकमेकांसमोर येतात. आठ जणांसाठी तीन, सोळांसाठी चार आणि बत्तीस जणांसाठी पाच फेऱ्या पुरतात. सामना तीनपैकी दोन डावांचा असतो. विजयास तीन आणि बरोबरीस एक गुण. फेरीसाठी सामान्यतः ५० मिनिटे मिळतात. वेळ संपली, की चालू पाळीनंतर पाच जादा पाळ्यांतच निकाल लावावा लागतो. लांबलचक डाव खेळणाऱ्या कंट्रोल डेकना ही मर्यादा जाचते. अ‍ॅग्रो-कंट्रोलचे डाव तुलनेने लवकर संपतात, हा त्याचा एक लाभ.

तोटाही तितकाच खरा आहे. हे कुळ कॉम्बो आणि कंट्रोलपुढे बलवान असते. स्वस्त जीवांच्या झुंडीपुढे मात्र ते अडखळते, कारण एक-एक मॅनाचे जीव मोडण्यासाठी दोन-दोन मॅनाचे मंत्र खर्चणे परवडत नाही. आणि स्थानिक स्पर्धेत नवखे खेळाडू बहुतेकदा अशीच झुंड घेऊन येतात. मोठ्या स्पर्धेतील विजेत्या डेकची यादी जशीच्या तशी उतरवून आणणाऱ्याची पहिल्याच फेरीत गाळण उडते, ती यामुळे.

त्यावरचा उपाय म्हणजे ‘साइडबोर्ड’. मुख्य डेकव्यतिरिक्त १५ पत्त्यांचा राखीव साठा ठेवता येतो आणि पहिल्या डावानंतर त्यातून अदलाबदल करता येते. झुंडीपुढे मंत्र मोडणारे पत्ते काढून जीव मारणारे स्वस्त पत्ते घालावेत; कंट्रोलपुढे नेमके उलट. एकाच दुकानात दर आठवड्याला तेच चेहरे येत असतील, तर कोण काय खेळतो याची नोंद ठेवून हे पंधरा पत्ते निवडता येतात. मोठ्या स्पर्धेत ही सोय नसते.

नेहमीच्या चुका

पहिली चूक म्हणजे उतावीळपणा. दोन जीवांनी काम भागत असताना तिसरा आणि चौथा मांडला जातो. मग समोरचा ‘रॅथ ऑफ गॉड’ हा चार मॅनाचा मंत्र टाकून पटावरील सर्व जीव एका झटक्यात नष्ट करतो आणि हातात काहीच उरत नाही. दुसरी चूक म्हणजे आपल्या पाळीत सगळा मॅना संपवणे. त्यानंतर समोरचा निर्धास्तपणे आपला सर्वांत मोठा पत्ता टाकतो. तिसरी चूक अतिसावधपणाची. हातात मंत्र साठवत बसायचे, पण पटावर एकही जीव नाही. असा पहारा कितीही कडक असला, तरी त्याच्या आडून पुढे जाणारे कोणी नसते.

शिस्तीच्या बाबीही आहेत. अधिकृत स्पर्धेत अस्सल पत्तेच चालतात. घरच्या सरावासाठीच्या छापील प्रती तेथे चालत नाहीत. पत्त्यांची आवरणे एकसारखी व अपारदर्शक असावीत. पत्ते नीट पिसून समोरच्याला काटण्यासाठी देणे, हा नियम तर आहेच, शिवाय ते सौजन्यही आहे.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत पन्हाळा आहे. तेथे वेढा आणि चढाई या दोहोंच्या कथा सांगितल्या जातात. पत्त्यांच्या मेजावर बसणाऱ्याला त्यांतून एक प्रश्न उचलता येतो. डाव सुरू होण्यापूर्वी आणि पुन्हा प्रत्येक पाळीच्या आरंभी त्याने स्वतःला विचारावे, की या क्षणी वेळ कोणाच्या बाजूने आहे. ती आपल्या बाजूने असेल, तर थांबावे. नसेल, तर निघावे. आणि निघताना खिंडीत कोणाला तरी उभे करून निघावे.