गाव उठलं, पण कागदावर काय लिहिलं?

आज आपण बचतीचं किंवा व्याजाचं बोलणार नाही. आज बोलायचं आहे शब्दांबद्दल. जागेवरून सुटलेल्या, निखळलेल्या, हलवलेल्या गोष्टींना इंग्रजीत जे शब्द आहेत, ते आपल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसांना कसे चिकटले, त्याची ही गोष्ट.

आधी घरातले शब्द बघा. दात हलतो, खांदा निखळतो, भिंत ढासळते, बांधाचा दगड सुटतो, रोप उपटतो. प्रत्येकाला वेगळा शब्द. इंग्रजीतही तसंच आहे. खांदा निखळला की डॉक्टर ‘डिस्लोकेट’ म्हणतात. अडकून बसलेला दगड सुटला की ‘डिसलॉज’. यातलं ‘लॉज’ आपल्याला एसटी स्टँडसमोरच्या पाटीवरून माहीत आहे, म्हणजे मुक्काम. मुळासकट उपटलं की ‘अपरूट’. कायद्याच्या जोरावर घराबाहेर काढलं की ‘इव्हिक्ट’. या शब्दाच्या मुळाशी ‘जिंकणे’ हा अर्थ आहे, म्हणजे काढणारा जिंकला आणि निघणारा हरला. आणि जागेवरून हलवलं की ‘डिस्प्लेस’.

हा शेवटचा शब्द आपल्याकडे ‘विस्थापित’ होऊन आला. नवरात्रात आपण घटस्थापना करतो. स्थापना म्हणजे मान देऊन जागेवर बसवणं. विस्थापन त्याच्या उलट. पण गावातल्या म्हाताऱ्या बायका विस्थापन म्हणत नाहीत. त्या म्हणतात, ‘आमचं गाव उठलं.’ नवव्या दिवसानंतर घट उठतात तसं. फरक एवढाच, की घट पुढच्या वर्षी पुन्हा बसतात.

पुणे जिल्ह्यात ही गोष्ट जुनी आहे. 1921 साली मुळशीला टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यात बायकाही होत्या. तेव्हा जमीन घेण्याचा कायदा 1894 चा, इंग्रजांचा. त्या कायद्यात जमिनीची किंमत द्यायची सोय होती, पण माणसं पुढे कुठे राहतील याची नव्हती. जमीन ‘ऍक्वायर’ होत होती. माणसांसाठी शब्दच नव्हता, मग हक्क कुठला?

स्वातंत्र्यानंतर आपल्या भागात कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं. या पाण्यावर जुन्नर, आंबेगाव, शिरूरपासून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत शेती पिकते. आपला कांदा आणि टोमॅटो याच पाण्याचा. पण घोड नदीवरच्या डिंभे धरणात ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडलं, ते आंबेगावच पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नाव राहिलं, गाव उठलं. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. तेही याच तालुक्यातले, म्हाळुंगे पडवळचे.

आता कागदाकडे या. 1976 साली महाराष्ट्राने धरणात जाणाऱ्यांसाठी पुनर्वसनाचा कायदा केला. त्याच्या इंग्रजी नावात शब्द होता ‘डिस्प्लेस्ड’. 1986 च्या कायद्याच्या नावात तो बदलून ‘अफेक्टेड’ झाला, आणि 1999 च्या कायद्यातही तोच राहिला. मराठीत आपण म्हणतो ‘प्रकल्पग्रस्त’. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणाला आपण खग्रास, खंडग्रास म्हणतो तो हाच ग्रास, आणि आपला जेवणातला घासही त्याच घरातला. धरणग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त. प्रत्येक वेळी माणूस कोणाचा तरी घास झालेला.

शब्द बदलल्याने काय फरक पडतो, असं कोणी विचारेल. पडतो. 2013 साली देशाचा नवा भूसंपादन कायदा झाला आणि 1894 चा गेला. त्यात दोन्ही शब्द वेगवेगळे आहेत. ‘डिस्प्लेस्ड’ कुटुंब म्हणजे ज्याला राहती जागा सोडून दुसरीकडे जावं लागतं ते. ‘अफेक्टेड’ हा मोठा गोल आहे. त्यात जमीन गेलेले तर येतातच, पण त्या भागात तीन वर्षांपासून कसणारी कुळं, वाटेकरी, शेतमजूर, कारागीर, आणि जंगलावर किंवा नदीवर पोट असणारेही येतात. म्हणजे जिच्या नावावर सातबारा नाही, पण जी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, हिरडा गोळा करते, मासे विकते, तिलाही या शब्दात जागा आहे. तिला कोणी सांगितलं, ‘तुझं घर कुठं गेलंय, तू विस्थापित नाहीस’, तर तिने म्हणायचं, ‘विस्थापित नसेन, पण बाधित आहे.’

आणखी एक गोष्ट याच कायद्यात आहे आणि ती आपल्या गटांनी पाठ करून ठेवावी. विधवा, घटस्फोटित आणि घरच्यांनी टाकलेल्या बायका यांना कायदा वेगळं कुटुंब मानतो. भावाच्या किंवा दिराच्या कुटुंबात तिला मोजून मोकळं व्हायचं नाही.

मग 2014 चा 30 जुलै आला. पहाटे माळीणवर डोंगर आला आणि 151 माणसं गेली. सकाळी एसटीचा चालक गाडी घेऊन पोचला तेव्हा त्याला गाव दिसलंच नाही, आणि त्याच्यामुळे बाहेर खबर लागली. इंग्रजी बातम्यांत शब्द होता ‘लँडस्लाईड’. ‘स्लाईड’ म्हणजे घसरणं, मुलांची घसरगुंडीही तीच. आपला ‘दरड कोसळली’ हा शब्द त्याहून खरा वाटतो, कारण त्यात आवाज आहे. वाचलेल्यांसाठी आमडे इथे नवं माळीण बांधलं गेलं आणि 2017 च्या एप्रिलमध्ये घरं ताब्यात दिली. इथे ना प्रकल्प होता, ना संपादन. हे आपत्तीग्रस्त, त्यांचे नियम आणि मदत वेगळी.

एक शब्द राहिला. ‘रिहॅबिलिटेशन’. त्याचा मुळातला अर्थ पुन्हा सक्षम करणं. आपण त्याला ‘पुनर्वसन’ म्हटलं, म्हणजे पुन्हा वसवणं. घरं बांधली की वसवणं झालं असं वाटतं. पण शेजार, पाणवठा, चार दिवसांचा रोजगार, उसनं पीठ मागायचं घर हे सगळं बसल्याशिवाय बाई सक्षम होत नाही.

म्हणून रस्ता असो, रेल्वे असो की धरण, मोजणीवाले गावात आले की गटाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. यादीत आपल्याला कोणता शब्द लावलाय? एकट्या बाईचं नाव वेगळं लिहिलंय का? आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरात कोणाच्या नावावर निघणार, हे ठरवताना मुलीचं नाव कोणी घेतलं का? तिसरा प्रश्न कचेरीत नाही, आपल्याच घरात विचारायचा आहे.

यादीवर अंगठा किंवा सही करण्याआधी ती मोठ्याने वाचून घ्या. शब्द दुसऱ्याचा असला, तरी नाव आपलं आहे.