काहीच न करणारा प्रोग्राम का चुकला?

१९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ही मेनफ्रेम संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या ओएस/३६० प्रणालीत बॅचमधल्या प्रत्येक कामाच्या पायऱ्या, त्यांना लागणाऱ्या फाइली आणि पायरी संपल्यावर त्या फाइलींचं काय करायचं, हे सगळं जेसीएल (जॉब कंट्रोल लँग्वेज) या भाषेत आधीच लिहून द्यावं लागे. फाइल पुसायला वेगळा प्रोग्राम नको होता. तिच्या ओळीत ‘डिलीट’ लिहिलं की पायरी संपताना प्रणालीच ती हटवी. पण प्रोग्रामशिवाय पायरीच होत नसे. म्हणून आयईएफबीआर१४ आला, आणि त्याच्या पहिल्या रूपात एकच सूचना होती: रजिस्टर १४ मधल्या पत्त्यावर परत जा. इतक्या छोट्या प्रोग्राममध्ये चूक राहणार कुठे, असं कुणालाही वाटेल. तरी ती राहिली, आणि तात्पुरत्या फाइली हटवणारी कामं कधी सुरळीत पार पडतात तर कधी अडतात, यामागचं कारण मला त्या चुकीतच सर्वांत स्पष्ट दिसतं. साफसफाई अधूनमधून फसते ती यंत्राच्या लहरीमुळे नव्हे. आधीच्या कामाने मागे काय ठेवलं, यावर तिचा निकाल नकळत अवलंबून राहिलेला असतो, म्हणून ती फसते.

परतताना प्रोग्रामने आपला निकाल रजिस्टर १५ मध्ये ठेवायचा, असा संकेत होता. शून्य म्हणजे सारं ठीक. पण प्रोग्राम सुरू होताना त्याच रजिस्टरमध्ये त्याचा स्वतःचा स्मृतीतला पत्ता असे. आयईएफबीआर१४ त्याला हातच लावत नसल्यामुळे तो पत्ताच निकाल म्हणून वाचला जाई, आणि प्रोग्राम स्मृतीत कुठे चढला यावर तो आकडा ठरे. फाइल व्यवस्थित पुसली गेलेली असे, पण पुढच्या पायऱ्या आधीचा निकाल तपासून चालायच्या असतील तर त्या वगळल्या जात. उपाय एका सूचनेचा निघाला: परतण्याआधी रजिस्टर १५ मधून रजिस्टर १५ वजा करायचं, म्हणजे तिथे शून्यच उरतं. प्रोग्राम लांबीने दुप्पट झाला, पण काही न करण्यातही ‘मी यशस्वी झालो’ हे स्वतः सांगावं लागतं, ही बाब त्यातून पक्की झाली.

यावर कुणी म्हणेल, काम पुन्हा चालवलं की भागतं. एवढी चिकित्सा कशाला? डिस्कवरच्या उरलेल्या फाइलींचा अनुभव याच्या उलट आहे. नवी फाइल ‘कॅटलॉग’ करा असं लिहिलं, पण पायरी मध्येच कोसळली तर तिचं काय करायचं हे लिहिलं नाही, तर अर्धवट फाइल तशीच जतन होते. पुन्हा चालवलेलं काम त्याच नावाशी अडखळतं, आणि कितीही वेळा चालवलं तरी अडखळतच राहतं. कुणीतरी ती फाइल हाताने काढली की पुढच्या रात्री सगळं सुरळीत होतं, आणि दोष ‘कधीमधी येणारा’ म्हणून नोंदला जातो. यावरचा जुना तोडगा मला फार सुंदर वाटतो. कामाच्या सुरुवातीलाच आयईएफबीआर१४ ची पायरी टाकायची आणि तिच्यात फाइलीला ‘मॉड, डिलीट’ लिहायचं. फाइल असेल तर ती पुसली जाते. नसेल तर आधी तयार होते आणि मग पुसली जाते. दोन्ही वाटा एकाच जागी येतात. युनिक्सची ‘आरएम -एफ’ ही आज्ञा नसलेल्या फाइलीला चूक मानत नाही, तेही याच विचाराने.

हा निव्वळ प्रोग्रामरचा हलगर्जीपणा नव्हता का, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. पण काळजी घेणाऱ्यालाही प्रणालीने आपली अवस्था लपवली की काही दिसत नाही. बराच काळ न वापरलेल्या फाइली मेनफ्रेम टेपवर हलवी. अशी फाइल आयईएफबीआर१४ ने पुसायची तर प्रणाली ती आधी टेपवरून डिस्कवर आणी आणि मग नष्ट करी. तोवर काम ताटकळत राही. जेसीएल तेच, प्रोग्राम तोच, पण फाइल त्या वेळी कुठे आहे यावर लागणारा वेळ ठरे. २००९ साली आलेल्या झेड/ओएस १.११ मध्ये ती परत न आणता थेट पुसण्याची सोय झाली.