कळतं, पण वळत का नाही?

'कळतं पण वळत नाही' असं आपण सहज म्हणतो. सॉक्रेटिसला हे पटलं नसतं. ज्याला चांगलं काय ते खरोखर कळलं तो वाईट वागणारच नाही, असं त्याचं मत. ॲरिस्टॉटल म्हणाला, माणसं जाणूनही चुकतात. हा वाद मी वर्गात तीस वर्षं शिकवला. त्याची खरी उकल मात्र मला एका उपकेंद्रातल्या नर्सकडून झाली. ती नर्स म्हणजे माझी धाकटी बहीण.

आधी थोडा इतिहास. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून भारतात एचआयव्ही प्रथम आढळला. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्या तरुणाला लागण आढळली, म्हणून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात पहाऱ्यात ठेवलं. ६४ दिवस! तिथला कायदाच तसा होता. सरकारच माणसाला कोंडत असेल, तर खेड्यातल्या नर्सनं रुग्णाची कॉट कोपऱ्यात सरकवली यात नवल ते काय?

खरं म्हणजे १९८७ मध्येच अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं एक साधा नियम सांगितला होता. रुग्ण कोण ते पाहू नका. प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्य असू शकतं असं समजूनच काम करा. नीतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा नियम फार मोलाचा वाटतो. इथली समानता दयेतून येत नाही, कामाच्या पद्धतीतून येते.

आता बहिणीची गोष्ट. २००५ च्या सुमाराची. तिचं प्रशिक्षण झालेलं होतं. स्पर्शानं, एकत्र जेवल्यानं एचआयव्ही होत नाही, हे तिला पाठ होतं. बाधित रक्ताची सुई टोचली तर धोका हजारात तीन, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी चा धोका शंभरात तीसपर्यंत, हेही ठाऊक होतं. तरी ती बाधित बाईला तपासताना हातमोज्यांचे दोन जोड घालायची आणि इतरांची बाळंतपणं उघड्या हातांनी करायची. मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, "तुला कळतं, पण वळत नाही."

ती म्हणाली, "दादा, महिन्याला हातमोजे किती येतात ते विचारलंस का कधी?"

मोजके जोड यायचे, ते ती 'त्या' बायकांसाठी राखून ठेवायची. यातून दोन गोष्टी झाल्या. बाकी सगळ्यांच्या रक्ताशी तिचा उघडा हात आला. आणि हातमोजे दिसले की वाड्यावस्त्यांवर कुजबुज सुरू. अशीच एक बाई पुढच्या खेपेला फिरकलीच नाही. घरीच बाळंत झाली. तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापीनची एक गोळी आणि ७२ तासांच्या आत बाळाला एक डोस देत असत. तो डोस बाळाला मिळाला नाही. हे सांगताना बहिणीचा आवाज आजही बसतो.

म्हणून नर्सेसचं ज्ञान आणि दृष्टिकोन मोजणाऱ्या प्रश्नावल्या पाहिल्या की मला वाटतं, आणखी एक प्रश्न हवा: कपाटात हातमोजे किती आहेत? भीती फक्त अज्ञानातून येत नाही, रिकाम्या कपाटातूनही येते. अर्थात, त्यामुळे नर्सची जबाबदारी संपत नाही. केसपेपरवर लाल शाईनं खूण करायला हातमोजे कमी पडलेले नसतात. तिथे वळायलाच हवं.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात रुग्णाशी भेदभावाला मनाई आहे. त्याच कायद्यानं कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि संसर्गाचा धोका झाल्यास प्रतिबंधक औषध देणं आस्थापनेवर बंधनकारक केलं आहे. रुग्णाचा मान आणि नर्सची सुरक्षितता एकाच कायद्यात आली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सॉक्रेटिस आणि ॲरिस्टॉटल दोघंही माणसाच्या मनात डोकावले. बहिणीनं मला कपाटात डोकवायला लावलं.