लोणी, शेपू आणि पानात भाजलेला मासा

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील खोडाळा हे सह्याद्रीच्या डोंगराळ पट्ट्यातले गाव. समुद्र येथून दूर; त्यामुळे ताजा मासा म्हणजे नदी-ओहोळातला, एरवी सुकी मासळी. या पट्ट्यातील आदिवासी घरांत मासे आणि खेकडे पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजण्याची रीत जुनी आहे. पारशी मंडळींची 'पात्रानी मच्छी' केळीच्या पानात शिजते, तर फ्रेंच स्वयंपाकी मासा कागदाच्या पुडीत भाजतात. तत्त्व एकच : मासा स्वतःच्याच वाफेवर शिजावा. शहरातील ओव्हनमध्येही हे सहज साधते आणि रात्रीचे साधे जेवण अर्ध्या-पाऊण तासात तयार होते.

लोणी कशासाठी?

बांगडा, तारली यांच्या मांसातच भरपूर तेल असते. जिताडा, मरळ अशा पांढऱ्या मांसाच्या माशांत ते तुलनेने कमी असते. म्हणून उघड्यावर भाजल्यास हे मासे चटकन कोरडे पडतात. लोणी ही उणीव भरून काढते आणि पाल्याचा सुगंध मांसात मुरवते. युरोपच्या उत्तरेकडील देशांत माशाबरोबर जो पाला आवडीने खातात, तो आपल्या भाजीबाजारातल्या शेपूच्या जवळचाच. तेव्हा परदेशी पाल्याच्या बाटल्या शोधण्याचे कारण नाही.

साहित्य (चौघांसाठी)

जिताडा किंवा मरळ यांचे एक इंच जाडीचे तुकडे 600 ग्रॅम, मऊ लोणी 50 ग्रॅम, बारीक चिरलेला शेपू 2 मोठे चमचे, कोथिंबीर 2 मोठे चमचे, ठेचलेला लसूण 6 पाकळ्या, मिरपूड अर्धा चमचा, मीठ, अर्धे लिंबू, केळीची पाने. बाजारचे खारे बटर वापरल्यास मीठ बेतानेच घालावे.

कृती

तुकडे धुऊन फडक्याने कोरडे टिपावेत व मीठ लावून दहा मिनिटे ठेवावेत. लोण्यात शेपू, कोथिंबीर, लसूण व मिरपूड कालवावी. पाने आचेवर किंचित शेकावीत, म्हणजे दुमडताना फाटत नाहीत. प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी लोणी लावून पानात घट्ट गुंडाळावे व दोऱ्याने बांधावे. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसवर 15 मिनिटे भाजावे. अर्धपारदर्शक मांस पांढरेशुभ्र झाले आणि काट्याने सहज सुटू लागले, की मासा शिजला असे समजावे. गोड्या पाण्यातला मासा मात्र कधीही अर्धाकच्चा ठेवू नये. लिंबू वाढतानाच पिळावे.

ओव्हन नसल्यास जाड तव्यावर, झाकण ठेवून, मंद आचेवर एका बाजूने आठ व दुसऱ्या बाजूने सहा मिनिटे पुड्या भाजाव्यात. सोबत गरम भात किंवा नागलीची भाकरी घ्यावी. पानात उतरलेले लोणी भातावर घालण्यास विसरू नये.

मासा निवडताना

डोळे चकचकीत, कल्ले लालसर आणि दाबल्यावर पूर्ववत होणारे मांस ही ताजेपणाची लक्षणे सर्वांना ठाऊक असतात. त्याबरोबर आकारही पाहावा. याच पालघर जिल्ह्यातील सातपाटी बंदर पापलेटसाठी प्रसिद्ध आहे आणि 2023 मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले. तरीही तळहाताएवढी पिल्ले बाजारात विकली जातात. पिल्लू एकदाही अंडी न घालता जाळ्यात गेले, तर पुढच्या हंगामाचे मासे यावेत कोठून?

डोंगरातही प्रश्न तोच आहे. पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे, म्हणजे वलगण, पकडण्याची हौस कोकणात सर्वत्र दिसते. त्या प्रत्येक माशाच्या पोटात पुढची पिढी असते. ज्या घरांत ओहोळातली मूठभर मासळी हाच दिवसाचा सकस घास असतो, त्यांना ही उधळपट्टी सर्वांत आधी जाणवते. शहरातल्या ग्राहकाला निदान निवड करता येते. जून-जुलैत, समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असताना, तळ्यात वाढवलेला मासा घ्यावा. एरवी पूर्ण वाढलेलाच मासा मागावा. मोठ्या माशाचे जाड तुकडे पानात अधिक रसाळ राहतात, हा स्वयंपाकातला लाभ वेगळाच.