सिगारेटचा फिल्टर: खोटा दिलासा, खरा कचरा

"सिगारेट ओढता का?" असं विचारलं की बरेच पेशंट सांगतात, "हो डॉक्टर, पण फिल्टरवाली." जणू फिल्टर म्हणजे अर्धं औषधच! हा समज कुठून आला, ते पाहू.

भीतीवरचा उतारा

१९५० साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी, तर अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहम यांनी धूम्रपान आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. लोक घाबरले. कंपन्यांनी उपाय म्हणून फिल्टर पुढे केला. १९५२ मध्ये आलेल्या 'केंट' सिगारेटच्या फिल्टरमध्ये तर १९५६ पर्यंत चक्क ॲस्बेस्टॉस होतं, जे स्वतःच कर्करोग घडवतं! १९५३ मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीचे रसायनतज्ज्ञ क्लॉड टीग यांनी धूर लागताच रंग बदलणारा फिल्टर सुचवला. तपकिरी डाग दिसला की ओढणाऱ्याला वाटावं, घाण इथेच अडकली.

ही युक्ती चालली. अमेरिकेत १९५० मध्ये फिल्टरवाल्या सिगारेटी जेमतेम १ टक्का होत्या. १९६० पर्यंत त्या जवळपास निम्म्या झाल्या.

शरीराला फायदा झाला का?

नाही. धूर सौम्य लागतो म्हणून माणूस जास्त खोल झुरके घेतो. १९५० नंतर सिगारेटची रचना आणि तिच्यातले घटक बदलल्यामुळे फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा या कर्करोगाचा धोका वाढला, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालात म्हटलं आहे.

थोटकाचं पुढे काय होतं?

फिल्टर कापसासारखा दिसला तरी तो सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचा असतो. तो कुजत नाही; त्याचे बारीक तंतू होऊन मातीत आणि पाण्यात पसरतात. सोबत निकोटीन आणि जड धातूही झिरपतात. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात एक लिटर पाण्यात एका थोटकाचा अर्क एवढ्या प्रमाणातच निम्मे मासे मेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी साडेचार लाख कोटी थोटकं उघड्यावर पडतात.

उपाय

२०१९ मध्ये युरोपीय संघाने थोटकं साफ करण्याचा खर्च उत्पादकांवर टाकला. भारतात २०११ पासून गुटखा आणि तंबाखूसाठी प्लास्टिकच्या पुड्या वापरायला बंदी आहे. थोटकांच्या विल्हेवाटीबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना तयार करायला सांगितलं.

हे सगळं हवंच. पण नुसत्या कचरापेट्या वाढवून भागणार नाही. ज्या फिल्टरचा आरोग्याला उपयोग नाही, तो मुळात बनवायचाच कशाला, हा खरा प्रश्न आहे.

आणि तुम्ही ओढत असाल, तर 'फिल्टरवाली आहे' हा दिलासा आजच सोडा. सिगारेट सोडायला मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत फोन करा. न ओढलेल्या सिगारेटचं थोटूक कुठेच पडत नाही!