खरखरीसकट बालगंधर्व

बालगंधर्वांना भर रंगात ऐकलेला माणूस हल्ली आमच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायलासुद्धा येत नाही. बालगंधर्व 1967 साली गेले, आणि ऐकणारेही एकेक करून त्यांच्या मागे गेले. उरल्या त्या तबकड्या. आणि त्या तबकड्यांवरून पुन्हापुन्हा काढलेल्या एल.पी., कॅसेटी, सीड्या आणि आता मोबाइलमधली गाणी. म्हणजे मूळ व्हाउचर एक आणि नकला चार. आम्हा बँकवाल्यांना अशा वेळी एकच प्रश्न सुचतो : टॅली होतंय का?

होत नाही.

एकच पद मी तीन नकलांत ऐकलंय. कॅसेटवर ते गोधडी पांघरून गायल्यासारखं वाटतं, सीडीवर न्हाणीघरात गायल्यासारखं. मोबाइलवर आवाज स्वच्छ आहे, पण फिनेलने पुसून काढल्यासारखा. तिन्हींत पट्टीही वेगळी. माणूस एक, पद एक, मूळ तबकडीही एकच, आणि बॅलन्स तीन! शाखेत असं झालं असतं तर रात्री दहापर्यंत कुणी घरी गेलं नसतं.

या घोटाळ्याचा इतिहास मला आमच्या एका खातेदार काकांनी समजावला. काकांनी उभी हयात भोसरीच्या एका टूलरूममध्ये काढली. पिंपरी-चिंचवडात संगीताची आवड आणि मायक्रोमीटर ही दोन्ही एकाच कपाटात नांदतात, हे पुण्याच्या लोकांना पटत नाही. पण तबकडी हा प्रकार मुळात आमच्याच बाजूचा. मेणाच्या जाड चकतीवर सुरीसारखं टोक टेकवून, चकती गरागरा फिरवून चर कापत जायचा. याला लेथच म्हणतात. ''गाणं कसलं हो, जॉबच तो!'' काका म्हणाले. ''गवई हलला की टूल हललं!''

त्या मेणावरून धातूचे साचे, आणि साच्यातून तबकड्या. त्या लाखेच्या. लाख आपल्याच देशातल्या झाडांवरची. पण नुसती लाख नव्हे. तिच्यात दगडाची बारीक पूड घालत. मुद्दाम! पोलादी सुई त्या पुडीवर घासून चराच्या आकाराची व्हावी म्हणून. म्हणजे ज्या खरखरीला आपण काळाचा दोष समजतो, ती तबकडीच्या जन्मापासूनची. सुई दर बाजूला नवी लावायची. पॉलिश पेपरवर नाट्यसंगीत वाजवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

गोधडीचं कोडंही काकांनी सोडवलं. त्या जुन्या चराला सुमारे 75 मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. पुढे आलेल्या एल.पी.ची सुई 25 मायक्रॉनची. ती जुन्या चरात घातली की भिंतींना धड टेकतच नाही, तळाशी जाऊन बसते. तळाशी असतो कचरा. मग खरखर दुप्पट येते, ती मारायला वरचे सूर कापतात, आणि कापाकापीत बालगंधर्वांचा 'स' आणि तंबोऱ्याची जवारी दोन्ही जातात. एका चुकीच्या सुईपायी! काकांच्या टूलरूममध्ये यासाठी मेमो मिळे.

पट्टीचं प्रकरण याहून गमतीचं. आपण 'अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या' म्हणतो खरं, पण सुरुवातीच्या काळात मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे हा नियम नव्हता, अंदाज होता. कुठे सत्तर, कुठे ऐंशीच्या वर. फेरे सहा टक्क्यांनी वाढले की सूर अर्ध्या पायरीने चढतो. काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये जातो. आणि नुसती पट्टी चढत नाही, तानही धावायला लागते. व्याजदरात सहा टक्क्यांचा फरक पडला असता तर लोकांनी मोर्चा काढला असता. इथे खुद्द बालगंधर्वांचा आवाज बदलला आणि कुणी पासबुकसुद्धा दाखवायला आलं नाही.

ही फक्त आपली रड नव्हे. 1958 च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि गिऱ्हाइकाला दोन कानांत दोन आवाज हवेसे झाले. मोनो म्हणजे एकमार्गी आवाज. त्याचे दोन कुठून आणायचे? अमेरिकेत कॅपिटल कंपनीने 1961 पासून एकाच आवाजातला खर्ज एका बाजूला, टीप दुसऱ्या बाजूला अशी वाटणी करून त्याला 'ड्युओफोनिक' असं बारशाचं नाव दिलं. याच्या उलट, लोकगीताला विजेची गिटार जोडणाऱ्या 'बर्ड्‌स' बँडची 1965 सालची छोटी तबकडी मोनोच होती. रेडिओला स्पीकरच एक. अशा तबकड्यांचे षौकीन आजही मूळ मोनो द्या म्हणून भांडतात. मला त्यांचं पटतं. ठेव एकाची असताना खातं दोघांच्या नावावर का करायचं?

काकांचा मुलगा चाकणला मोटारींच्या कारखान्यात आहे. गाडीतली खुळखुळ शोधून मारणं हाच त्याचा धंदा. त्याने एका रविवारी वडिलांची तबकडी संगणकावर घेतली आणि तासाभरात खरखर साफ केली. काकांनी ऐकलं. म्हणाले, ''छान. तबलजी कुठाय?'' टक् असा जो जो आवाज दिसला तो संगणकाने ओरखडा समजून काढला होता. त्यात तबल्याचे बोलही बोथट झाले.

बापलेकांत तह झाला तो असा : तबकडी साध्या पाण्याने पुसायची (स्पिरिटने नाही, लाख विरघळते), सुई जाड, आणि वेग पेटीशी ताडून. पिकअप स्टिरिओ असेल तर दोन्ही बाजू एकत्र जोडायच्या. जुना चर फक्त आडवा हलतो, वरखाली हलतो तो नुसता कचरा; बाजू जोडल्या की तो कॉन्ट्रा एंट्रीसारखा एकमेकांत वळता होतो. मग एक फाइल खरखरीसकट जशीच्या तशी ठेवायची आणि दुसरीवर मुलाने हवी तेवढी सफाई करायची. मला हे तत्त्व आवडलं. कारण यापुढे जो कुणी बालगंधर्व ऐकेल, त्याच्याशी ताडून पाहायला जिवंत कान कुणाचाच नाही. आपण पुसून ठेवलं तेच त्याला खरं वाटणार, आणि 'एवढंच होतं होय?' म्हणून तो पुढे जाणार. ही भीती मला त्या खरखरीपेक्षा जास्त वाटते.

सध्या काकांना तबकड्यांसाठी लॉकर हवाय. दहा इंची तबकडी, आणि ठेवायची ती उभीच. आडव्या रचल्या तर वजनाने वाकतात. मॅनेजरसाहेब म्हणाले, दागिने ठेवा की. काका म्हणाले, मग हे काय आहे? मधल्या आकाराच्या लॉकरची उंची पुरते की नाही, ते उद्या पट्टी घेऊन मोजायचं काम माझ्याकडे आलंय.